नितळ पाण्याविरुद्ध साक्ष

रायपूरजवळच्या बीरगांवच्या पलीकडे नाल्याच्या काठावर सांडपाणी शुद्ध करायचं एक केंद्र आहे. ते उदय वैरागडेच्या हाती आलं तेव्हा तिथे नाव घेण्यासारखं काही नव्हतं. टाक्या होत्या, पण त्यांच्या कडेने बेशरमाची झुडपं माजली होती. पाण्यात हवा सोडणारी यंत्रं निम्मी बंद होती आणि उरलेल्यांतलं तांबं कुणीतरी काढून नेलं होतं. आधीचा ठेकेदार पळून गेला होता. नव्या ठेकेदार कंपनीने उदयला तिथे बसवलं, कारण दुसरं कुणी जायला तयार नव्हतं.

उदयने ते काम अंगावर घेतलं. घाण खाणारे जिवाणू टाकीत वाढावे लागतात. त्यासाठी त्याने दुसऱ्या गावच्या केंद्रातून टँकरने गाळ आणला आणि विरजण लावावं तसा तो टाक्यांत घालून जपला. थंडीत गाळ मरू नये म्हणून सुट्ट्या घेतल्या नाहीत. सासऱ्याच्या तेराव्यालासुद्धा तो नागपूरला जेवणापुरता जाऊन परत आला. बायकोने, विनीताने, ते मनात ठेवलं, पण बोलून दाखवलं नाही.

दोन वर्षांत केंद्राच्या तोंडातून नाल्यात नितळ पाणी पडायला लागलं. काठावर बाड्या, म्हणजे भाजीचे छोटे मळे, लावणाऱ्या बायका पुन्हा पालक, लालभाजी घ्यायला लागल्या. बगळे आले. उदयचे वडील श्यामराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते चौबे कॉलोनीतल्या फ्लॅटमध्ये येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "माह्या पोट्ट्यानं नाला धुतला."

विनीता एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिला संशोधनासाठी विषय हवा होता आणि तो घरातच होता. पाण्यात विरघळून राहिलेले, डोळ्यांना न दिसणारे सेंद्रिय पदार्थ माशांच्या अंड्यांना काय करतात, हे तिला पाहायचं होतं. पाण्याचे कॅन उदय स्वतः भरून आणायचा. गाडीत ते हिंदकळू नयेत म्हणून पुढच्या सीटला पट्टा लावून बसवायचा. एकदा श्यामराव म्हणाले, "मले कधी पट्टा लावला नाही यानं." तिघंही हसले. तसं हसणं त्या घरात नंतर झालं नाही.

प्रयोगासाठी तिने झेब्रा मासे पाळले होते, अंगावर निळे पट्टे असलेले, बोटाच्या पेराएवढे. त्यांची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली आतलं पिल्लू घडताना दिसतं, काळीज धडधडायला लागलेलं दिसतं. साध्या पाण्यात ठेवलेली पिल्लं सरळ निघाली. उदयच्या नितळ पाण्यातून काढलेल्या अर्कातली पिल्लं वाकडी निघाली. पाठीचा कणा कोयत्यासारखा वळलेला, काळजाभोवती पाणी साचलेलं.

विनीताला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने भांडी बदलली, मासे बदलले, कॅन स्वतः जाऊन भरले. पिल्लं वाकडीच निघत राहिली.

तिने उदयला सांगितलं ते जेवताना, आणि वेळ चुकली. त्या दिवशी त्याला कुठल्याशा अधिकाऱ्याने फोनवर शाबासकी दिली होती.

"माह्या पाण्याचा बीओडी पाहिला तू?" तो म्हणाला. जिवाणूंना खाण्याजोगी घाण पाण्यात किती उरली ते सांगणारा हा आकडा त्याला देवाच्या नावासारखा पाठ होता. "मर्यादेच्या निम्म्याखाली आहे."

"त्यात हे दिसतच नाही, उदय. जिवाणूंनी खाल्लं ते गेलं. जे त्यांना पचत नाही ते राहिलं. लोकांच्या पोटातून आलेली औषधं, साबण, फिनेल. त्यात जिवाणूंचं स्वतःचं उष्टंखरकटं. वरून तू क्लोरीन टाकतो, त्यानं आणखी नवीन काहीबाही तयार होते."

"मी नाही टाकत. टाका म्हणून हुकूम आहे."

"मी तुले दोष देऊन नाही राहिली."

"मग काय करून राहिली?"

श्यामरावांनी ताटातली भाकरी मोडली आणि मध्येच विचारलं, "आधी जो काळा नाला वाहे, त्यात या माशांची पिल्लं जगली असती का, बेटा?"

"नसती जगली, बाबा. मेली असती सगळी."

"मग चांगलंच केलं ना यानं."

"हो. पण पुरतं नाही केलं."

उदय ताटावरून उठला नाही, भाकरीचे तुकडे करत राहिला.

तरीही तो माणूस पाण्यावर खरं प्रेम करणारा होता. आठवड्याभराने तोच तिच्या प्रयोगशाळेत आला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "कोळशातून गाळून पाहू." पाणी शुद्ध करायला वापरतात तो बारीक, भाजलेला कोळसा त्याने आणला होता. दोघांनी मिळून काचेच्या नळीत तो भरला, त्यातून पाणी सोडलं. त्या पाण्यातली पिल्लं सरळ निघाली. उदयने लहान पोरासारखी टाळी वाजवली. घरी जाताना दोघं तात्यापारा चौकात गुपचूप, म्हणजे तिकडची पाणीपुरी, खायला थांबले, आणि तिथे ठेल्यावर उभ्या उभ्या त्याने टिशू कागदावर कोळशाच्या टाकीचं चित्र काढलं. केंद्राच्या शेवटी एक टप्पा वाढवायचा, बस.

कंपनीने ती टाकी नामंजूर केली. कायद्यात मागितलेलं नाही ते काहून करायचं, एवढंच उत्तर आलं.

"मी छापते," विनीता म्हणाली. "छापून आलं की त्यांना टाकी बांधावी लागेल."

"छापून आलं की लोक पहिली ओळ वाचतील. कोळशापर्यंत कोणी पोहोचणार नाही."

"तुले लोकांवर विश्वास नाही."

"मले लोक माहीत आहेत."

तिने छापलं. लेखात सगळं होतं. सांडपाण्यापेक्षा शुद्ध केलेलं पाणी कितीतरी बरं, हेही होतं. कोळशाचा उपाय होता. आणखी एक गोष्ट होती, तिला स्वतःला सगळ्यांत नवलाची वाटणारी. पाण्यातल्या विरघळलेल्या पदार्थांचं वजन करून तेवढ्यास तेवढे घेतले, तर एका ग्रामामागे विष शुद्ध केलेल्या पाण्यात जास्त निघत होतं. गटाराच्या पाण्यात असे पदार्थ कितीतरी पट अधिक, त्यामुळे एकूण विष तिथेच जास्त. पण उपचारातून जे उरतं ते थोडं असलं तरी जहाल असतं. हे वाक्य तिने सारांशात घातलं. कुणाही संशोधकाने घातलं असतं.

रायपूरच्या एका हिंदी वर्तमानपत्राने मथळा दिला, 'साफ पानी में ज़हर'. खाली विनीताचा फोटो होता. कॉलेजात तिचा सत्कार झाला. ज्या विभागप्रमुखांनी आजवर तिचं नाव कधी नीट उच्चारलं नव्हतं, त्यांनी तिला शाल घातली. तिला ते आवडलं. नाही कसं आवडणार?

त्यानंतर भार्गव आला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या लोखंडाच्या कारखान्यात तो पर्यावरणाचं काम बघायचा. चाळिशीचा, मृदू बोलणारा, चपला दाराबाहेर काढून प्रयोगशाळेत येणारा. त्याने तिचा लेख पुरता वाचला होता. कोष्टकांसकट, तळटिपांसकट. कोळशाच्या जागी ओझोन का नाही वापरला, असा नेमका प्रश्न त्याने विचारला. विनीताला आत कुठेतरी भरून आलं. उदयने सारांशापुढे पान उलटलं नव्हतं, हे तिला माहीत होतं.

भार्गवच्या कारखान्याला हुकूम झाला होता, की नदीचं पाणी बंद करून उदयच्या केंद्राचं पाणी विकत घ्या. त्याच पैशावर केंद्राचं वीजबिल भागायचं होतं. कारखान्याने त्याविरुद्ध अर्ज केला होता आणि तो ऐकायला एक समिती नेमली होती.

"मैडम, आप बस अपनी बात रखिए," भार्गव म्हणाला. "कार्बन वाली बात भी. कमिटी सुनेगी तो वो टंकी भी बन जाएगी."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा उदय बूट काढत होता. एक बूट हातात तसाच राहिला.

"जाऊ नको."

"काहून?"

"त्याले टाकी नाही पाहिजे, विनीता. त्याले नदीचं पाणी पाहिजे, फुकटचं. तो तुले नाही बोलवून राहिला. तुह्या त्या एका वाक्याले बोलवून राहिला."

"त्या वाक्याच्या पुढचं तू वाचलं तरी का?"

त्याने हातातला बूट खाली ठेवला.

"त्या माणसानं माझा लेख दोनदा वाचला," ती म्हणाली, आणि बोलतानाच तिला कळलं की हे बोलायला नको होतं.

"वाचणारच," उदय म्हणाला. "ज्याले मारायचं असते तो नीट पाहून घेते."

श्यामराव आतल्या खोलीतून म्हणाले, "आवाज कमी करा." दोघांचाही आवाज चढलेला नव्हता.

समिती बसली ती एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, समितीचे अध्यक्ष मधोमध. एका बाजूला कारखान्याचे वकील आणि भार्गव, दुसऱ्या बाजूला ठेकेदार कंपनीचे वकील आणि उदय. विनीताला टेबलाच्या टोकाशी खुर्ची दिली होती. तिने चित्रं आणली होती, वाकड्या पिल्लांची आणि कोळशानंतरच्या सरळ पिल्लांची. त्यांतली पहिली तेवढी भिंतीवर दाखवली गेली. मग कारखान्याचे वकील उठले.

"मैडम, सीधा सवाल है. बराबर मात्रा में लें, एक ग्राम नाले का और एक ग्राम इस प्लांट के पानी का. ज़्यादा ज़हरीला कौन सा?"

"एका ग्रामाला... म्हणजे, एक ग्राम में प्लांट वाला. लेकिन नाले में वो..."

"आपके पेपर में यही लिखा है?"

"लिखा है, लेकिन पूरा पढ़िए तो..."

"और ये पानी, आज जैसा है, मछली के बच्चों के लिए ज़हरीला है? हाँ या ना?"

तिने अध्यक्षांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. "हाँ," ती म्हणाली. "पर इसका इलाज है, और बिना प्लांट के तो..."

"इलाज कमिटी का विषय नहीं है आज," अध्यक्ष म्हणाले. "थैंक यू, मैडम. बहुत अच्छा काम किया है आपने."

ते खरंच मनापासून म्हणाले होते.

मग पाळी उदयची आली. उठण्याआधी ठेकेदार कंपनीचे वकील त्याच्या कानाशी लागले. ते काय सांगत होते ते खोलीतल्या सगळ्यांना समजत होतं. पाणी घरच्या गाडीतून, साध्या कॅनमधून नेलेलं. कुठे काय मिसळलं कोण सांगणार? एवढं म्हटलं की विनीताचा लेख तिथल्या तिथे मोडीत निघणार होता. आणि बहुतेक कॅन उदयनेच भरलेले, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा ठरला असता.

अध्यक्षांनी विचारलं, "सैंपल में गड़बड़ी की संभावना है?"

उदय उभा होता. विनीताला त्याच्या मानेवर घाम दिसत होता.

"नहीं सर," तो म्हणाला. "सैंपल सही थे. रिज़ल्ट सही है."

वकिलांनी पेन टेबलावर टाकलं. भार्गवने मान खाली घातली, हसू लपवायला की कशाला, ते तिला कळलं नाही.

कारखाना सुटला. नदीचं पाणी त्याला पूर्वीसारखं मिळत राहिलं. केंद्राला गिऱ्हाईक उरलं नाही. विजेचं बिल थकलं तसं ठेकेदार कंपनीने आधी एक टाकी बंद केली, मग दुसरी. हवा थांबली आणि जिवाणू मेले. उदय तिथेच होता. त्याने वीज मंडळाच्या कचेरीत खेटे घातले, चार-दोन अधिकाऱ्यांच्या हातापाया पडला. शेवटी वरून फोन आला आणि येणारं सांडपाणी टाक्यांना वळसा घालून सरळ नाल्यात सोडायची झडप त्यालाच उघडावी लागली. 'तात्पुरती व्यवस्था' असा त्याला शब्द होता.

घरी तो तिला काही बोलला नाही. तो बोलला असता, चिडला असता, तर तिने ऐकून घेतलं असतं. तो जेवायचा, बाबांच्या गोळ्या काढून द्यायचा, बातम्या लावायचा. तिने एकदा म्हटलं, "तू खोटं बोलला असता तर वाचलं असतं केंद्र."

"हो."

"मग काहून नाही बोलला?"

"खरं होतं ते," तो म्हणाला. "पिल्लं मी पाहिली ना माह्या डोळ्यांनी." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दिवाळीत कारखान्याकडून काजूकतलीचा मोठा डबा आला, वर तिचं नाव, डॉक्टर लावून. श्यामरावांनी तो दारातच घेतला, उघडला नाही, जिना उतरून खाली गेले आणि चौकीदाराला देऊन आले. वर येऊन धापा टाकत म्हणाले, "तुह्या नावाचा होता, बेटा. विचारायला पाहिजे होतं मी." ती म्हणाली, "काही हरकत नाही, बाबा." भार्गवला तिने तीनदा फोन केला होता, कोळशाच्या टाकीबद्दल. त्याने एकदाही उचलला नाही.

तिला मात्र दिल्लीहून नवा प्रकल्प मंजूर झाला. विषय तोच, निधी मोठा. कॉलेजात पुन्हा पेढे वाटले गेले. नव्या प्रकल्पासाठी पाणी हवं होतं, आणि आता कॅन भरून आणणारं कुणी नव्हतं. ती एका सकाळी एकटीच नाल्यावर गेली.

नाला काळा झाला होता. कडेला फेस साचला होता आणि वास ओढणी नाकाला बांधूनही जात नव्हता. सुकवारो बाई आपल्या बाडीत त्याच पाण्याच्या बादल्या पालकाच्या वाफ्यांत ओतत होती. पूर्वी पाण्याला येताना विनीता तिच्याकडून भाजी न्यायची. तिने विनीताला ओळखलं.

"दीदी, मशीन ह कब चालू होही?"

"माहीत नाही, बाई. पर ये पानी मत डालो भाजी में. बहुत खराब है."

सुकवारोने बादली खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवले. "ओ बेरा घलो तो तुमन कहत रहेव, पानी म जहर हे. पेपर म तुंहर फोटो रिहिस. तेकरे सेती तो बंद करिन कहिथें." मग जराशी हसली, रागाने नाही. "एला नइ डारबो त काला डारबो?"

त्या वेळीसुद्धा तुम्हीच म्हणाला होता पाण्यात विष आहे. त्यामुळेच तर बंद केलं म्हणतात. आणि हे नाही टाकायचं, तर काय टाकायचं? विनीताने मान हलवली, हो म्हणायला की नाही म्हणायला, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिने कॅन भरला. सुकवारोने पालकाची जुडी पुढे केली. नेहमीसारखी. ती घेणं भाग होतं. घेतली. घरी जाताना रस्त्यात कुठे टाकावी याचा विचार करत राहिली, आणि शेवटी कॉलेजच्या मागच्या कचराकुंडीत टाकली.

प्रयोगशाळेत तिने अंडी त्या पाण्यात ठेवली. वाकडं पिल्लू नाही, सुजलेलं काळीज नाही. दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडली होती. बघण्यासारखं आत काही तयारच झालं नव्हतं.

ते आकडे घेऊन ती समितीच्या अध्यक्षांकडे गेली. त्यांनी तिला लगेच आत बोलावलं, चहा मागवला. तिने सगळं सांगितलं: ग्रामामागचं काय आणि एकूण काय, केंद्र असताना काय होतं आणि आता काय आहे. या वेळी मध्ये कुणी तोडलं नाही. तिचं सगळं बोलून झालं.

"आप बिल्कुल सही कह रही हैं," ते म्हणाले. "लेकिन मैडम, निर्णय तो आप ही की रिपोर्ट पर हुआ है. अब आप ही के कहने से पलटें, तो लोग क्या कहेंगे? आपकी भी तो साख है."

चहा तसाच राहिला.

ती घरी आली तेव्हा उदय कपाटातले शर्ट बॅगेत भरत होता. कोरब्याला एका कोळसा धुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती, तिथल्या पाण्याचं काम. रविवारी येत जाईन, म्हणाला. श्यामराव पलंगावर बसून त्याच्या शर्टांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होते.

विनीताने पर्स ठेवली. अध्यक्ष काय म्हणाले ते सांगितलं. उदयने शर्ट भरता भरता ऐकून घेतलं.

"सगळी मेली?" त्याने विचारलं.

"सगळी. दुसऱ्याच दिवशी."

"हं," तो म्हणाला. "ते तर मले पहिल्या दिवशीपासून माहीत होतं." आणि बॅगेची चेन लागेना म्हणून गुडघ्याने वरून दाबायला लागला. ती पुढे होऊन दुसऱ्या बाजूने दाबायला गेली, तर तो म्हणाला, "राहू दे, होते माह्यानं." चेन लागली. श्यामरावांनी विचारलं, डबा सोबत देऊ का. गाडी दुपारची होती.